प्रोजेक्टमधलं तुमचं काय?

मागच्या महिन्यात बायोडेटा कसा लिहावा ते पाहिलं. त्यानंतर मंडळातल्या दोन-तीन काकूंनी फोन करून जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "बायोडेटा झाला गं, पण आमचा मुलाखतीत गप्प बसतो, त्याचं काय करायचं?" म्हणून या वेळी मुलाखत. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. बँकेत, औषध कंपनीत किंवा शाळेत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी आपापल्या क्षेत्राप्रमाणे बदल करून घ्यावा.

गेली काही वर्षं मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. समोर येणारी मुलं इंदूर, भोपाळ, जळगाव, अकोला, नागपूर अशी सगळीकडची असतात. एखाद्या बायोडेट्यावर बुऱ्हाणपूर, खंडवा किंवा रावेर दिसलं की माझे कान टवकारतातच (गुण मात्र सगळ्यांना एकाच पट्टीने). आपल्या भागातल्या मुलांचं एक चित्र हमखास दिसतं: लेखी परीक्षेत चांगले गुण, वागणं अतिशय सभ्य, आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

याचं कारण मला आपल्या घरांत सापडतं. आपल्याकडे कोणाचे माग आहेत, कोणाची केळीची बाग, कोणाचं दुकान. घरच्या धंद्यात मुलाखत कोण घेतो? बारावीची सुट्टी लागली की पोरगं गल्ल्यावर बसतं आणि त्याला काय येतं, काय येत नाही, हे चार दिवसांत काकांना कळतं. बोलून दाखवायची गरजच पडत नाही. उलट "हे मी केलं" असं म्हणणारा आगाऊ ठरतो. चारचौघांत कमी बोलावं, श्रेय मोठ्यांना द्यावं, हे आपण मुलांना प्रेमाने शिकवतो आणि पाहुण्यांसमोर ते शोभतंही. पण मुलाखत घेणाऱ्या अनोळखी माणसाकडे तीस-चाळीस मिनिटं असतात. काकांसारखा तो तुम्हाला चार दिवस गल्ल्यावर बसवून बघू शकत नाही. तुम्ही जे सांगाल तेवढंच त्याला दिसतं.

फ्रेशरच्या मुलाखतीचा मोठा भाग शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर जातो, कारण अनुभव नसलेल्याला दुसरं विचारणार काय? बायोडेट्यावर 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' लिहिलेलं असतं. (गेल्या काही वर्षांत मी इतकी हॉस्पिटलं पाहिली आहेत की एखादा डॉक्टरही पाहणार नाही.) मग संवाद असा होतो:

"प्रोजेक्टबद्दल सांगा."

"आम्ही हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम बनवली. जावा आणि मायएसक्यूएल वापरलं."

"टीममध्ये किती जण होतात?"

"चार."

"त्यातलं तुम्ही काय केलंत?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

इथे मुलाखत जवळपास संपते. असं उत्तर देणाऱ्यांत दोन प्रकारची मुलं असतात. एकाने प्रोजेक्ट तयार विकत आणलेला असतो. दुसऱ्याने खरोखर रात्री जागून काम केलेलं असतं, पण 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. समोरच्याला दोघांचं उत्तर अगदी सारखं ऐकू येतं. यात विकत आणणाऱ्याचं काही जात नाही. नुकसान होतं ते काम केलेल्याचं.

आता हेच उत्तर असं आलं तर बघा: "अपॉइंटमेंटचा भाग माझ्याकडे होता. दोन पेशंटनी एकाच क्षणी एकच वेळ निवडली की दोघांचीही नोंद होत होती. मग मी डेटाबेसमध्ये डॉक्टर आणि वेळ या जोडीवर अशी अट घातली की तीच जोडी दुसऱ्यांदा येऊच शकणार नाही. दुसऱ्या पेशंटला 'ही वेळ भरली' असा निरोप जायला लागला."

हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण यातून मला दहा प्रश्न सुचतात. अट डेटाबेसमध्येच का घातली, कोडमध्ये का नाही? पेशंटने अपॉइंटमेंट रद्द केली तर ती वेळ परत मोकळी कशी होते? दोष सापडला कसा? आणि गंमत म्हणजे हे दहाही प्रश्न त्या मुलाच्या अंगणातले आहेत. "जावा वापरलं" एवढंच म्हणणाऱ्याला मी जावामधलं काहीही विचारू शकते, मग तो कुठेही अडकेल. नेमकं बोलणारा उमेदवार पुढचा प्रश्न स्वतःच ठरवत असतो. मुलाखतीत इतका हुकमी उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

ज्यांनी प्रोजेक्ट खरोखरच तयार आणला आहे त्यांच्यासाठीही वेळ गेलेली नाही. त्यातला एकच भाग निवडा, मोडा, स्वतः परत लिहा. मुलाखतीत सरळ सांगा की मूळ प्रोजेक्ट तयार मिळाला होता, त्यातला हा भाग मी बदलला आणि या कारणासाठी बदलला. हे ऐकून कोणी तोंड वाकडं करत नाही. कंपनीत गेल्यावर पहिली दोन वर्षं बहुतेकांना दुसऱ्याने लिहिलेलंच दुरुस्त करायचं असतं.

हे बोलणं जमवायचं कसं? उत्तरं पाठ करण्यावर माझा विश्वास नाही. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या वाक्याला ओळखू येतं. मी आपल्या गावच्या मुलांना एक गृहपाठ देते. बुऱ्हाणपूर कधी न पाहिलेल्या माणसाला कुंडी भंडारा दोन मिनिटांत समजावून सांगा.

बहुतेक जण गाइडसारखी सुरुवात करतात: 1615 साल, अब्दुर्रहीम खानखाना, 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव. सगळं खरं आहे, पण बेंगळुरूच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. सुरुवात अडचणीपासून करा. शहर तापीच्या काठी आहे, पण नदी खाली आणि वस्ती वर. मुघलांच्या काळात इथे मोठं लष्कर आणि भली मोठी वस्ती होती, आणि नदीचं पाणी शत्रूने नासवलं तर काय, अशी धास्ती होती असंही सांगितलं जातं. मग उपाय. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे येत असतं, ते वाटेतच गाठायचं. त्यासाठी जमिनीखाली बोगदा खणला, त्याला हलका उतार दिला आणि वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या, शंभराहून जास्त. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या उताराने जाळी करंजापर्यंत येतं आणि तिथून पुढे शहरात. शेवटी, ते कुठे कमी पडतं तेही सांगा: आत क्षाराचे थर चढतात, सफाई लागते, आणि वरच्या भागात पाणी मुरणं कमी झालं की खाली कमी येतं.

अडचण काय होती, उपाय काय केला, तो चालतो कसा, कुठे कमी पडतो. प्रोजेक्टही याच क्रमाने सांगायचा. आधी मराठीत सांगा, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. घरातल्या कोणाला तरी समोर बसवून मध्येच "पण इतक्या कुंड्या कशाला?" असं विचारायला लावा. हवा खेळायला आणि आत उतरून सफाई करायला, हे तिथल्या तिथे सुचलं पाहिजे. न सुचल्यास रविवारी एक चक्कर मारून या. लिफ्टने खाली उतरता येतं, आणि उन्हाळ्यात तिथल्यासारखा गारवा अख्ख्या गावात नाही.

दुसरी एक गोष्ट आपली मुलं लपवतात, ती म्हणजे घरचं काम. एका मुलाला मी विचारलं, सुट्टीत काय करता? तो म्हणाला, काही नाही. बऱ्याच वेळाने निघालं की घरी बारा माग आहेत आणि मजुरांचा आठवड्याचा हिशेब तोच करतो. एक्सेलमध्ये फॉर्म्युले घालून त्याने ते काम दोन तासांवरून पंधरा मिनिटांवर आणलं होतं. हे बायोडेट्यात नव्हतं, कारण त्याच्या मते ते 'घरचंच' होतं. अहो, हॉस्पिटलच्या प्रोजेक्टपेक्षा हे कितीतरी मोलाचं! त्याला खरा वापरणारा माणूस होता, खरी अडचण होती आणि हिशेब चुकला तर शनिवारी दारात भांडण होतं. मागावरचा आडवा धागा तुटला की माग आपोआप कसा थांबतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिलंय त्याला 'अट तपासा आणि थांबा' हे तत्त्व पुस्तकातून शिकावं लागत नाही. केळीच्या बागेतलं ठिबक कोणत्या वेळी किती चालवायचं हे ठरवणाऱ्या मुलीलाही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. घरच्या धंद्याची लाज फक्त आपल्यालाच वाटते. समोरच्याला कुतूहल असतं.

आता इंग्रजी. काकूंचा अर्धा फोन याच विषयावर होता. आपली भाषा खिचडी आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. पुण्यात गेलं की आपल्या मराठीला हिंदी वास येतो म्हणतात, इंदूरमध्ये आपण मराठी ठरतो. त्यामुळे पोरं तिन्ही भाषांत जपून बोलतात. मुलाखतीपुरतं सांगायचं तर लहान वाक्यं बोला. व्याकरण चुकलं म्हणून मी कोणाला नापास केलेलं नाही, काय म्हणायचंय तेच कळलं नाही म्हणून मात्र केलंय. अवघड शब्द पेरू नका. "एक मिनिट विचार करू का?" असं इंग्रजीत विचारायला शिका, कारण त्या एका मिनिटात डोक्यातलं मराठी उत्तर भाषांतरित होतं. आणि येत नसेल तर "हे मला माहीत नाही" म्हणा. पुढे जोडा, "पण अंदाज करायचा तर मी अमुक ठिकाणी शोधायला सुरुवात करीन." गोलगोल फिरवलेलं उत्तर दहा सेकंदांत उघडं पडतं आणि त्यानंतरच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास बसत नाही.

मुलाखती बदलल्या आहेत हेही लक्षात घ्या. पूर्वी अमेरिकन कंपन्यांची नक्कल करून कोडी विचारायची फॅशन होती: विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील वगैरे. खुद्द गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं की या कोड्यांवरून कोण चांगलं काम करील हे अजिबात कळत नाही. संशोधनाचाही कौल जुनाच आहे. श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांचे अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की गप्पा मारल्यासारख्या मुलाखतीपेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या पट्टीने गुण देणारी मुलाखत जास्त भरवशाची असते. म्हणून आता "टीममध्ये मतभेद झाला तेव्हा काय केलंत?", "वेळेत काम झालं नाही असा प्रसंग सांगा," असे प्रश्न येतात. त्यासाठी स्वतःच्या आयुष्यातले चार-पाच खरे प्रसंग आठवून ठेवा. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही तो प्रसंगही चालतो.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केंद्र सरकारच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी 1 जानेवारी 2016 पासून मुलाखतच नाही, लेखी परीक्षेवरच निवड होते. तिथे "मुलाखतीत पास करून देतो" म्हणणारा भेटला तर काय समजायचं ते समजा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र एकूण 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे असतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्याला ती मुलाखतही मराठीतून देता येते, आणि त्यासाठी महाराष्ट्रात राहायची अट नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. सुधा मूर्तींची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. तेव्हा त्या सुधा कुलकर्णी होत्या, हुबळीच्या, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकत होत्या. 1974 च्या सुमारास टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. जेआरडींना पत्र लिहिणारी ती हीच, अशी कुजबुज ऐकली तेव्हा नोकरी मिळत नाही हे त्यांनी धरूनच टाकलं, आणि त्यामुळे भीती गेली, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं शांतपणे दिली. टेल्कोत रुजू झालेल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर. सांगताना सगळे पोस्टकार्डावर थांबतात. पण पोस्टकार्डाने फक्त दार उघडलं; नोकरी त्या तांत्रिक उत्तरांनी मिळवून दिली.

आज तशी जाहिरात कोणी छापणार नाही. "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न मात्र लहान कंपन्यांतून अजून कानावर येतो. त्यावर चिडण्यापेक्षा "या कामाला जी शिफ्ट आणि जे शहर लागेल त्याची माझी तयारी आहे" एवढंच सांगून कामाच्या विषयावर यावं. पण हे वाक्य म्हणता येण्यासाठी घरात आधी बोलणं झालेलं लागतं. आणि इथे मला मुलींपेक्षा आईवडिलांशी बोलायचं आहे. "बेंगळुरूला पोस्टिंग मिळालं तर जाल?" या प्रश्नाला आपल्याकडच्या हुशार मुली "घरी विचारून सांगते" म्हणतात आणि त्याच क्षणी मागे पडतात. कोणतं शहर चालेल, रात्रपाळी चालेल का, राहायची सोय काय, हे सगळं अर्ज भरायच्या आधी जेवणाच्या टेबलावर बोलून घ्या. नकार असेल तर तो तेव्हाच सांगा, म्हणजे मुलगी त्या कंपनीला अर्जच करणार नाही. मुलांच्या बाबतीतही तेच. एकुलता एक असेल तर जास्तच.

बाकी किरकोळ. पहिली फेरी बहुधा व्हिडिओवर असते. वीज आणि नेट यांचा भरवसा धरू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज, फोनचा हॉटस्पॉट तयार, मागे कोरी भिंत. खोलीचं दार लावून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा. एका मुलाखतीत मागून आजोबा हातानेच "मोठ्याने बोल" असं खुणावत होते. मला ते आवडलं, पण मुलगा बिचारा घामाघूम झाला. कपडे इस्त्रीचे, साधे. पगाराचा विषय फ्रेशरने उकरून काढू नये, आकडा बहुतेक ठरलेला असतो. फक्त वार्षिक सीटीसीला बाराने भागून हातात येणारा पगार काढू नका. त्यात कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. आणि नोंदणी फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कोणत्याही नावाने मुलाखतीआधी किंवा नंतर पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा "नाही सर" म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे, टीम किती जणांची आहे, नवीन माणसाला शिकवतं कोण, यातलं जे खरंच जाणून घ्यायचं आहे ते विचारा. उत्तर नीट ऐका. टाळाटाळीचं उत्तर आलं तर तीही माहितीच आहे.

निकाल कधीकधी आठवडाभरात येतो, कधी महिना उलटतो. नकार आला म्हणजे दर वेळी तुम्हीच कमी पडलात असं नसतं. माझ्या डोळ्यांदेखत निवडलेल्या मुलांच्या जागाच वरून रद्द झाल्या आहेत आणि त्यांना गेलेलं पत्र नापास झालेल्यांना गेलं तेच होतं. दहा दिवसांत काही कळलं नाही तर दोन ओळींचा मेल टाकून विचारा. त्याच संध्याकाळी, आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवून ठेवा. ती वही पुढच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री काढा. निम्मे प्रश्न तेच निघतात.

पुढच्या वेळी ऑफर लेटर कसं वाचायचं ते पाहू. बाँड हा शब्द दिसला की घाबरून सही करणारे आणि न वाचताच सही करणारे, दोघांसाठी.